आवाजाने नाटक करायचंय?

श्राव्य नाटकात काम करायला ओळखपाळख लागत नाही, स्टुडिओही नाही. २००५ मध्ये ह्यू मॅकग्वायर यांनी सुरू केलेल्या लिब्रिव्हॉक्ससाठी जगभरचे हौशी लोक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं आणि नाटकं वाचतात. अभिनयाची परीक्षा नाही. मिनिटभराचं रेकॉर्डिंग पाठवायचं, आवाज स्वच्छ येतोय का एवढंच पाहतात.

नाटकाची गंमत न्यारीच! प्रत्येकजण घरी बसून फक्त आपले संवाद रेकॉर्ड करतो, संपादक ते जोडतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य कानावर पडतच नाही. म्हणून तेही स्वतःच मोठ्याने म्हणा, लगेच आपलं उत्तर द्या आणि नंतर पहिलं कापून टाका. माझ्या मते याहून उपयोगी सराव नाही, नाहीतर राग, लाडीगोडी, भीती सगळं एकाच सुरात येतं.

माइक वीतभर लांब, जरासा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. पंखा बंद. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलात तर आवाज घुमत नाही. कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आणि मराठीत? आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे देवल १९१६ मध्ये गेले, ‘एकच प्याला’ लिहिणारे गडकरी १९१९ मध्ये. चार मित्र जमवा आणि यातलं एखादं नाटक खुशाल वाचायला घ्या!