कर्ता गायब, सक्ती कायम

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्याजवळ एक पाटी असते: ‘डॉग्ज मस्ट बी कॅरिड’. कुत्रं बरोबर असेल तर उचलून घ्या, नाहीतर जिन्यात पंजा अडकेल, एवढंच तिला म्हणायचं आहे. पण शब्दांवर बोट ठेवून वाचलं तर वेगळाच हुकूम निघतो: जिन्यावर पाय ठेवायचा तर हातात कुत्रं हवंच, नसेल तर कुठून तरी पैदा करा! समीक्षक टेरी ईगलटन यांनी साहित्यसिद्धान्तावरच्या आपल्या १९८३ च्या पुस्तकात हीच पाटी उदाहरणाला घेतली. गंमत म्हणजे ‘शूज मस्ट बी वॉर्न’ हे वाक्यही त्याच साच्यातलं, पण तिथे दुसराच अर्थ खरा. बूट नसतील तर घालून या. व्याकरण दोन्हीकडे तेच. कोणी काय करायचं हे मात्र वाक्य सांगत नाही, वाचणाऱ्यानेच ओळखायचं.

आपल्याकडे हा प्रकार शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ म्हणून भेटतो. सूत्र तोंडपाठ असतं: कॅन, मे, मस्ट, शुड यांतलं जे असेल ते, मग ‘बी’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘यू मस्ट पे द फी’चं ‘द फी मस्ट बी पेड’ केलं की गुण मिळाले. पण पहिल्या वाक्यात सक्ती तुमच्यावर आहे. दुसऱ्यात फी भरली गेली म्हणजे झालं, मग ती वडील भरोत की एखादा ट्रस्ट.

काही क्रियापदांत तर अर्थ पुरताच पालटतो. ‘जॉन वोन्ट इन्व्हाइट मेरी’ म्हटलं की जॉन अडून बसलाय असं ऐकू येतं. ‘मेरी वोन्ट बी इन्व्हायटेड’मध्ये नुसती बातमी उरते, जॉनचा हट्ट गळून पडतो. ‘द डॉक्टर कान्ट ट्रीट हर’ ही बहुधा त्या डॉक्टरची मर्यादा, तर ‘शी कान्ट बी ट्रीटेड’ म्हणजे दुखणंच असाध्य. मराठीचा शक्य कर्मणी प्रयोग अगदी उलट वागतो. ‘आजीला जिना चढवत नाही’ म्हणताना आजी आणि तिचे गुडघे वाक्यातच राहतात.

कर्ता दिसेनासा झाला की धमकीही स्वस्त होते. ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ ही इंग्लंडमधली जुनी पाटी घ्या. खटला कोण भरणार? तिथे दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा बहुतेक वेळा दिवाणी मामला; फौजदारी खटल्याचा प्रश्नच येत नाही. ‘जमीनमालक तुमच्यावर खटला भरील’ असं लिहिलं असतं तर बिंग लगेच फुटलं असतं. ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी द पू’मध्ये (१९२६) पिग्लेटच्या घराशी याच पाटीचा तुटका तुकडा आहे, ‘ट्रेसपासर्स डब्ल्यू’. हे आपल्या आजोबांचं नाव, असं तो छातीठोकपणे सांगतो. वाक्यात माणूसच नसल्यावर त्याने तरी काय करावं!

चौकशी अहवालांचं लाडकं रूप ‘शुड हॅव बीन’. पुलाची दुरुस्ती व्हायला हवी होती, इशारा दिला जायला हवा होता. चूक कबूल, चुकणारा बेपत्ता.

तरी या रचनेला सरसकट लबाड ठरवणं मला पटत नाही. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात अनुच्छेद १४ चा कर्ता स्पष्ट आहे: समानता नाकारायची नाही ती राज्यसंस्थेने. अनुच्छेद २१ मात्र ‘शॅल बी डिप्राइव्हड’ या वळणाचा. कोणाचंही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय हिरावलं जाणार नाही. कोणाकडून, ते लिहिलेलं नाही. काही अनुच्छेद राज्यसंस्थेला उद्देशून आहेत आणि काही नाहीत, हा फरक कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतला. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने सांगितलं की अनुच्छेद १९ आणि २१ खालचे हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं.