बर्फ गिरमिटातील इंधन-तेल मिश्रण

बर्फ गिरमिटातील इंधन-तेल मिश्रण म्हणजे गोठलेल्या तलावावर मासेमारीसाठी छिद्र पाडणाऱ्या पेट्रोलवरील यंत्रात वापरले जाणारे पेट्रोल व वंगणतेल यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण होय. अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन ही राज्ये, तसेच कॅनडा येथे हिवाळी मासेमारीत अशी गिरमिटे वापरतात. मिश्रण चुकल्यास इंजिन कायमचे निकामी होऊ शकते, म्हणून त्याच्या निवडीस महत्त्व आहे.

मिश्रणाची गरज
टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोल व हवा प्रथम क्रँककेसमध्ये येतात आणि तेथून सिलिंडरमध्ये जातात. या प्रवासात पेट्रोलमधील तेल बेअरिंग, दट्ट्या व सिलिंडरची भिंत यांवर पातळ थर तयार करते आणि शेवटी इंधनाबरोबर जळते. केवळ पेट्रोल भरल्यास घर्षणाने दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो. महाराष्ट्रात एकेकाळी लुना व टू-स्ट्रोक स्कूटरसाठी पेट्रोलपंपावर जे ‘टू-टी’ तेल मिसळले जाई, त्यामागील तत्त्व हेच होते.

फोर-स्ट्रोक गिरमिटात तेल स्वतंत्रपणे भरतात. त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळत नाहीत. त्यामुळे आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

प्रमाण
योग्य प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेत आणि बहुधा इंधनटाकीच्या झाकणावर दिलेले असते. जुन्या यंत्रांत २४:१ किंवा ३२:१, तर अलीकडच्या यंत्रांत ४०:१ किंवा ५०:१ हे प्रमाण आढळते. १ लिटर पेट्रोलसाठी लागणारे तेल पुढीलप्रमाणे :

२४:१ – सुमारे ४२ मिलि
३२:१ – सुमारे ३१ मिलि
४०:१ – २५ मिलि
५०:१ – २० मिलि

अमेरिकेत पेट्रोल गॅलनने मोजतात. १ अमेरिकी गॅलन (सुमारे ३.७९ लिटर) पेट्रोलसाठी ५०:१ प्रमाणात सुमारे ७६ मिलि तेल लागते.

जास्त तेल घातल्यास इंजिन अधिक सुरक्षित राहते, हा समज बरोबर नाही. जादा तेलामुळे धूर वाढतो, स्पार्क प्लग खराब होतो आणि बाहेर जाणाऱ्या वायूच्या मार्गात काजळी साचते. शिवाय तेलाने पेट्रोलची जागा घेतल्यामुळे सिलिंडरमध्ये हवेच्या मानाने इंधन कमी पडते. थंड हवा दाट असल्याने कडाक्याच्या थंडीत हा परिणाम आणखी जाणवतो.

तेलाची निवड
गिरमिटाचे इंजिन हवेने थंड होते. त्यामुळे हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे, ‘एपीआय टीसी’ किंवा ‘जासो एफसी’ अथवा ‘एफडी’ दर्जाचे तेल योग्य ठरते. ‘टीसी-डब्ल्यू३’ हा दर्जा पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी आहे. मोटारीचे इंजिन तेल या कामासाठी बनवलेले नसते. ते जळताना राख मागे ठेवते.

पेट्रोल
अमेरिकी पंपांवरील ८७ ऑक्टेनचे पेट्रोल सामान्यतः पुरेसे असते. त्यात बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यावर, विशेषतः थंडीत, पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी जमतो. तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहिल्याने तळातून ओढलेले इंधन वंगणाविना इंजिनात जाते. म्हणून शक्य तेथे इथेनॉलविरहित पेट्रोल वापरतात. उन्हाळ्यातील उरलेले पेट्रोल कमी बाष्पनशील असल्याने थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही.

मिसळणे व साठवण
थंडीत तेल घट्ट होते, त्यामुळे ते थेट गिरमिटाच्या टाकीत ओतल्यास नीट मिसळत नाही. प्रथम इंधनाच्या डब्यात निम्मे पेट्रोल घेऊन त्यात मोजलेले सर्व तेल घालतात, डबा हलवतात आणि उरलेले पेट्रोल भरून पुन्हा हलवतात. डब्यावर प्रमाण व तारीख लिहिल्याने घोटाळा टळतो. मिश्रण साधारण महिनाभरात संपवणे इष्ट असते. हंगाम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करतात किंवा इंधन टिकवणारे रसायन घालतात.

सुरक्षितता
पेट्रोलची वाफ कमी तापमानातही पेट घेऊ शकते. त्यामुळे मिश्रण मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर व इंजिन बंद ठेवून करतात. बर्फावरील बंदिस्त झोपडीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. या वायूला रंग वा वास नसतो. बर्फावर सांडलेले इंधन बर्फ वितळल्यावर तलावात मिसळते, म्हणून टाकी शक्यतो किनाऱ्यावरच भरतात.