मानेचा हिसका : उपचार आणि नुकसानभरपाई

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एक तरी मोटार असते, आणि सिग्नलला थांबलेले असताना मागून धक्का बसल्याचा अनुभवही पुष्कळांनी घेतला असेल. बंपर थोडा चेपतो, दोन्ही गाड्यांतली माणसे उतरतात, "लागलं नाही ना कोणाला?" असे विचारून आपण घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशीवरून मान उचलवत नाही. यालाच इकडे व्हिपलॅश म्हणतात. आपल्या भाषेत, मानेला बसलेला हिसका.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हा हिसका मला बसला. मागच्या सीटवर नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाई होत्या, त्यांनाही बसला. माझी मान पूर्ववत व्हायला सात महिने लागले, सासूबाईंची दहा आठवड्यांत बरी झाली. दोघींचे उपचार आणि दोघींचे दावे यांतून जाताना जे कळले ते मंडळाच्या वाचकांसाठी लिहीत आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. तेव्हा हा लेख म्हणजे सल्ल्याला पर्याय नव्हे, पण सल्ला घ्यायला जाताना काय विचारावे ते यातून नक्की कळेल.

सगळ्याचे सार आधीच सांगते. मान हलती ठेवल्याने बरी होते, आणि भरपाई ती किती काळ दुखली यावर ठरते. म्हणून आधी बरे होण्याकडे लक्ष द्यावे, सर्व काही लिहून ठेवावे, आणि दुखणे किती काळ चालणार हे कळेपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही करू नये.

मानेला नेमके काय होते?

माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. मागून धक्का बसला की सीट आपली पाठ पुढे ढकलते, पण डोके क्षणभर जागच्या जागी राहते. त्या क्षणी मान नागमोडी वाकते : खालचे सांधे मागे, वरचे पुढे. हे सारे डोळ्याची पापणी लवायच्या आत घडते. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही, आणि स्नायू, अस्थिबंध व मणक्यांचे छोटे सांधे ताणले जातात. हाड बहुधा मोडलेले नसते, त्यामुळे एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे दुखणे खोटे, असे मुळीच नाही.

दुखायला कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात होते. मान आखडणे, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, खांदे दुखणे, गरगरणे, झोप न लागणे ही नेहमीची लक्षणे. १९९५ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या एका तज्ज्ञ समितीने या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या : नुसते दुखणे, दुखण्याबरोबर मान कमी वळणे, हातातली शक्ती किंवा संवेदना कमी होणे, आणि शेवटी हाड मोडणे किंवा सरकणे. बहुतेक रुग्ण पहिल्या दोन पायऱ्यांतलेच असतात.

मात्र हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मानेतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे किंवा असह्य वेदना, यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता इस्पितळाचा ए अँड ई विभाग गाठावा.

पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांबद्दल

सासूबाईंचे वय तेव्हा ७१. "मला काही झालेलं नाही गं, उगाच कशाला डॉक्टरांना त्रास?" हे त्यांचे उत्तर. तरी आम्ही त्यांना दाखवून आणले. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर मानेचा स्कॅन काढण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, कारण उतारवयात लहान धक्क्यानेही हाड मोडू शकते. सुदैवाने तसे काही निघाले नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ए अँड ई विभागात मिळणारे उपचार परदेशी पाहुण्यांनाही मोफत असतात, आणि जी.पी.ला दाखवण्याचेही पैसे पडत नाहीत. पण इस्पितळात दाखल करून घेतले किंवा बाह्यरुग्ण विभागात बोलावले तर पाहुण्यांना सहसा बिल येते. म्हणून आईवडिलांचा प्रवासविमा काढल्याशिवाय त्यांना बोलावू नये.

बरे होण्याचा मार्ग

पूर्वी अशा रुग्णाला गळ्यात पट्टा बांधून पडून राहायला सांगत. आता सल्ला नेमका उलटा आहे. पट्ट्याने स्नायू दुबळे होतात आणि मान अधिक आखडते. दुखत असले तरी मान हलती ठेवावी. सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवणे, कान खांद्याकडे झुकवणे, हनुवटी आत ओढणे, हे प्रकार दिवसातून अनेकदा थोडेथोडे करावेत. वेदनाशामक गोळी घेतली तर व्यायाम सोपा जातो. पण रक्त पातळ करण्याचे औषध, दमा किंवा पोटाचा व्रण असेल तर आयब्युप्रोफेन घेण्याआधी फार्मसिस्टला विचारावे. संगणकावर काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठावे. मान दोन्ही बाजूंना सहज वळेपर्यंत गाडी चालवू नये.

शेकणे आणि हलक्या हाताने तेल लावणे यांनी आराम पडतो. मात्र केस कापून झाल्यावर न्हावी जशी मान मोडून देतो तसा प्रकार कोणाकडूनही करून घेऊ नये. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका असतो.

बहुतेक लोक दोन-तीन महिन्यांत बरे होतात. इथल्या इस्पितळांत ३,८५१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सुरुवातीला नेहमीचा सल्ला पुरेसा ठरतो, आणि दुखणे रेंगाळले तर फिजिओथेरपीने काहीसे लवकर बरे वाटते, असे त्यात दिसले. मला तिसऱ्या आठवड्यापासून फिजिओथेरपीचा उपयोग झाला. पण मान सुधारल्यावरही आरशात मागची गाडी जवळ येताना दिसली की छातीत धस्स होई. ही भीतीसुद्धा दुखापतीचाच भाग आहे, आणि तीही डॉक्टरांना सांगावी.

'बरं आहे' म्हणण्याची आपली सवय

डॉक्टरांनी "कसं काय?" विचारले की आपण सवयीने "बरं आहे" म्हणतो. आपल्याकडे ते नुसते सौजन्य असते, पण इथे त्याची नोंद होते. सहा महिन्यांनी विमा कंपनी ती नोंद वाचते आणि रुग्ण बरा होता असे धरून चालते. तेव्हा तक्रार वाढवूही नये आणि झाकूही नये. मान किती वळते, झोप किती लागते, कोणते घरकाम जमत नाही, हे नेमके सांगावे. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहीत असे. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

भरपाई कशी ठरते?

पुढची माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

२०१८ च्या सिव्हिल लायबिलिटी कायद्यानुसार ३१ मे २०२१ पासून मान, पाठ व खांद्याच्या अशा दुखापतींचे दर ठरवून दिलेले आहेत. ३१ मे २०२१ ते ३० मे २०२५ या काळातल्या अपघातांसाठी ते असे :

३ महिन्यांपर्यंत : २४० पौंड
३ ते ६ महिने : ४९५ पौंड
६ ते ९ महिने : ८४० पौंड
९ ते १२ महिने : १,३२० पौंड
१२ ते १५ महिने : २,०४० पौंड
१५ ते १८ महिने : ३,००५ पौंड
१८ ते २४ महिने : ४,२१५ पौंड

बरोबरीने किरकोळ मानसिक त्रास असेल तर रक्कम थोडी वाढते. उदाहरणार्थ, ६ ते ९ महिन्यांसाठी ८४० ऐवजी ८९५. ३१ मे २०२५ पासूनच्या अपघातांसाठी हे सर्व दर सुमारे १५ टक्क्यांनी वाढले आहेत. पादचारी, सायकलस्वार आणि मोटारसायकलस्वार यांना हे दर लागू नाहीत. मनगट, गुडघा अशी वेगळी दुखापत असेल तर तिचा विचार स्वतंत्रपणे होतो. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केले आहे.

या रकमेशिवाय प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा मागता येतो : बुडालेला पगार, फिजिओथेरपी, औषधे, इस्पितळात जाण्यायेण्याचा खर्च, गाडीच्या विम्याचा एक्सेस. पावत्या मात्र हव्यात. सासूबाईंनी नाशिकला परतल्यावर घेतलेल्या उपचारांच्या पावत्याही आम्ही तारीख आणि डॉक्टरांच्या शिक्क्यासह जोडल्या. अशा भरपाईवर आयकर लागत नाही.

दावा कसा करावा?

दुखापतीची किंमत ५,००० पौंडांपर्यंत आणि सगळा दावा १०,००० पौंडांपर्यंत असेल तर 'ऑफिशियल इंज्युरी क्लेम' या संकेतस्थळावर तो स्वतः, फी न भरता करता येतो. दावा पोचल्यावर चूक मान्य आहे की नाही हे कळवायला विमा कंपनीला ३० कामकाजाचे दिवस मिळतात. चूक मान्य झाली की स्वतंत्र तज्ज्ञाकडून वैद्यकीय अहवाल घेतला जातो आणि त्याची फी कंपनी भरते. अहवालात किती महिन्यांत बरे वाटेल याचा अंदाज असतो. तो पुढे पाठवण्यापूर्वी नीट वाचावा आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावी. समोरच्या चालकाचा विमा नसेल किंवा तो पळून गेला असेल तर मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे दावा करता येतो. दावा कोर्टात दाखल करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. लहान मुलांच्या बाबतीत ती त्यांच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजतात.

वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोडीचा प्रस्ताव देणे विमा कंपन्यांना कायद्याने मना आहे. पण अहवाल आल्यावरही घाई करू नये. माझ्या अहवालात सहा महिन्यांचा अंदाज होता, त्यानुसार पाचव्या महिन्यात ४९५ पौंडांचा प्रस्ताव आला. सही केली की प्रकरण कायमचे बंद होते. पुढे दुखले तरी काही मागता येत नाही. मी थांबले. सहा महिने उलटूनही दुखत होते म्हणून दुसरा अहवाल मागितला, आणि शेवटी ८९५ पौंड व खर्च मिळाला. सासूबाईंना २४० पौंड आणि औषधोपचाराचा खर्च. या रकमा मोठ्या नाहीत. पण कष्टाने कमावलेला पगार बुडतो, तो का सोडून द्यावा?

सॉलिसिटर घ्यावा का? लहान दाव्यात त्याची फी बहुधा समोरच्याकडून मिळत नाही; ती आपल्याच रकमेतून जाते. चूक कोणाची याबद्दल वाद असेल, दुखापत गंभीर असेल किंवा जखमी व्यक्ती लहान मूल असेल, तर मात्र सॉलिसिटर अवश्य घ्यावा. "तुमच्या अपघाताबद्दल बोलायचंय" असे अनाहूत फोन येतात, ते सरळ ठेवून द्यावेत. संमतीशिवाय असे फोन करण्यावर २०१८ पासून बंदी आहे.

दोन गोष्टींचे भान

पहिली : गाडीतल्या प्रवाशांनाही हक्क आहे. चूक स्वतःच्या मुलाची असली तरी आईवडिलांचा दावा त्याची विमा कंपनी भागवते, मुलगा नव्हे. "मुलावर कशी फिर्याद करायची?" या संकोचाने पुष्कळ वडीलधारी माणसे गप्प बसतात. त्यांना हे समजावून सांगावे. त्यांची परतीची तारीख जवळ असेल तर वैद्यकीय तपासणी त्याआधी उरकून घ्यावी.

दुसरी : तिखटमीठ लावू नये. २०१५ च्या कायद्यानुसार दाव्यात मुळातच अप्रामाणिकपणा आढळला तर, फार मोठा अन्याय होत असल्याखेरीज, कोर्ट संपूर्ण दावा फेटाळते, खऱ्या दुखापतीसकट.

कापून गाडीत ठेवण्यासाठी

१. थांबा. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, विमा कंपनी यांची देवाणघेवाण करा. ती झाली नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवा.
२. जागेवर चुकीची कबुली देऊ नका. छायाचित्रे घ्या, साक्षीदारांची नावे लिहा.
३. आपल्या विमा कंपनीला कळवा, दावा करायचा नसला तरी.
४. दुखू लागताच डॉक्टरांना दाखवा आणि नेमके सांगा.
५. मान हलती ठेवा, रोज दोन ओळी लिहा, पावत्या जपा.
६. सीटचा डोके टेकवायचा भाग डोक्याच्या माथ्याइतका उंच आणि डोक्याला शक्य तितका जवळ ठेवा. हे काम मात्र अपघाताची वाट न पाहता आजच करा. आईबाबा ज्या सीटवर बसतात, त्या मागच्या सीटचेसुद्धा.