गरिबी आधी की मुलांचे बिघडणे आधी?

"वस्तीतली पोरं अशीच, भांडखोर!" हे बोलणे आपण सर्वांनीच ऐकले आहे. गरीब घरांतील मुलांत मारामारी, उलट बोलणे यांचे प्रमाण जास्त असल्याचे पाहण्यांतही दिसते. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. गरिबीमुळे मुले चिडखोर होतात? की घरात मनाचे आजार असल्याने काम सुटते आणि गरिबी येते?

एकदाच केलेल्या पाहणीतून याचे उत्तर मिळत नाही. म्हणून संशोधक तीच मुले वर्षानुवर्षे पाहतात. त्यातून आधी काय घडले ते कळते. तरी शंका उरते. मुळात धडधाकट असलेलीच घरे गरिबीतून वर आली असतील, तर मुले सुधारली ती पैशामुळे कशावरून?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९३ पासून १,४२० मुलांची अशी पाहणी चालू होती. त्यांतील सुमारे पाव हिस्सा मुले चेरोकी आदिवासींची होती. पाहणी चालू असतानाच चेरोकींच्या भागात कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. कोण कष्टाळू, कोण आजारी, हे पाहून नव्हे, सर्वांनाच. त्यामुळे वरची शंका बरीचशी फिटली.

निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गरिबीतून बाहेर पडलेल्या घरांतील मुलांची भांडणे, बेशिस्त कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी झाली. जी घरे गरीबच राहिली, तेथे ती घटली नाही. पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली, हा त्यातला मोठा दुवा होता. चिंता आणि उदासी मात्र कमी झाली नाही.

म्हणजे दोष रक्तात नव्हता, परिस्थितीत होता. आणि पैसा हे प्रत्येक दुखण्यावरचे औषधही नव्हे. मूल सतत उदास असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोला.

यापुढे "अमक्यामुळे तमके होते" असे कोणी सांगितले की आपण तीन प्रश्न विचारू या. आधी काय घडले? दोन्हींमागे तिसरे कारण आहे का? आणि ते कारण बदलले तेव्हा परिणाम बदलला का?