भाताची मान मोडू देऊ नका

आभाळ भरलेलं, रिमझिम पाऊस आणि पहाटे दव, असं चार दिवस राहिलं की भिवंडीच्या खाचरांत उतरून भाताची पानं पाहा. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसले तर तो करपा. हीच बुरशी लोंबीच्या मानेवर गेली की मान काळी पडून मोडते, दाणे पळंज होतात. मग फवारून काय उपयोग?

शेत हिरवंगार दिसावं म्हणून युरिया एकदम ओतू नका. नत्र लावणीला ४० टक्के, फुटव्याला ४० आणि लोंबी धरताना २० असं द्या. करपा दिसताच हात आखडा. रोगट शेतातलं बी ठेवू नका. बुरशीनाशक कोणतं, किती, हे तालुका कृषी कार्यालयात विचारूनच घ्या. ग्रामपंचायतींनीही ही माहिती फलकावर लावावी.