मुंगी नसताना येणाऱ्या मुंग्या

बराच वेळ मांडी घालून बसलेला माणूस उठताना म्हणतो, 'पायाला मुंग्या आल्या.' पायावर एकही मुंगी नसते, तरी ऐकणाऱ्याला नेमके कळते. इंग्रजी वैद्यकशास्त्रात याच कल्पनेवर बेतलेला एक शब्द आहे, 'फॉर्मिकेशन'. बोलण्यात तो क्वचितच येतो. लॅटिन भाषेत 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. त्यावरून मुंग्यांसारखे वळवळणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्यातून हा शब्द आला. फॉर्मिक आम्लाचे नावही याच मुंगीवरून पडले. मुंग्यांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या या आम्लाची नोंद इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी १६७१ मध्ये केली होती. प्रयोगशाळेतल्या बरण्यांमधले फॉर्मालिन हा त्याच कुळातला शब्द.

मात्र मराठीतल्या 'मुंग्या येणे'चा अर्थ अधिक व्यापक आहे. मांडी घातल्यावर नसेवर दाब पडतो, तिच्यातून जाणारे संदेश विस्कळीत होतात आणि पाय झिणझिणतो. डॉक्टर याला 'पॅरेस्थेसिया' म्हणतात. फॉर्मिकेशन हा त्यातलाच एक प्रकार. यात त्वचेवर किंवा त्वचेखाली किडे फिरत असल्याचे जाणवते. दारूचे व्यसन एकाएकी सोडताना, कोकेनसारख्या अमली पदार्थांमुळे, तर कधी रजोनिवृत्तीच्या काळातही असे होऊ शकते. काही रुग्ण खाजवून जखमा करून घेतात. घरच्यांना हे नाटक वाटते. पण किडे नसले तरी जाणीव खरी असते. ती मज्जासंस्थेत तयार होते. दारू सोडल्यावर असा त्रास, सोबत थरथर किंवा भ्रम दिसला, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

पाय मोकळा केल्यावर काही मिनिटांत जाणाऱ्या मुंग्यांची चिंता नको. तळपायांना वारंवार मुंग्या येत असतील, तर मधुमेह किंवा 'बी १२' जीवनसत्त्वाची कमतरता आहे का, हे तपासून घ्यावे. शाकाहारी व्यक्तींनी, तसेच मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. अचानक शरीराची एकच बाजू बधिर झाली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे एक मिनिटही दवडू नये.

डॉक्टरांकडे जाताना लॅटिन शब्द ठाऊक असण्याची गरज नाही. मुंग्या कुठे येतात, कधी येतात आणि किती वेळ राहतात, एवढे नीट सांगितले तरी निदानाला मोठी मदत होते.