हवामानाचा आघात आणि देशाचे धान्यकोठार

सुगी साधली की गावाचे पोट भरते, हे सांगावयास कृषितज्ज्ञ नको. परंतु पाऊस हुकला असता शेतात आलेली तूट बाजारात पोहोचेपर्यंत दुपटीहून अधिक कशी होते, हे शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एका गावात १०० क्विंटल धान्य पिकते. त्यांपैकी ६० क्विंटल घरखर्चासाठी व बियाण्यासाठी राहते आणि ४० क्विंटल बाजारात जाते. अवर्षणामुळे उत्पन्न ८० क्विंटलवर आले, तरी घरची गरज ६० क्विंटलच राहते. म्हणजे पीक एक-पंचमांशाने घटले. बाजारातील आवक मात्र निम्म्यावर आली. भाव चढू लागताच व्यापारी माल धरून ठेवतो, गिऱ्हाईक जादा खरेदी करतो आणि टंचाई अधिकच तीव्र होते.

हे केवळ कागदी गणित नव्हे. १९६४-६५ साली देशात सुमारे ८९४ लक्ष टन अन्नधान्य पिकले. पुढील वर्षी अवर्षणामुळे ते ७२३ लक्ष टनांवर आले. म्हणजे घट जवळजवळ एक-पंचमांशच होती. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून, मुख्यतः अमेरिकेतून, आणावे लागले. या अनुभवाने अधिक उत्पन्न देणारी गव्हाची वाणे, आधारभूत किंमत आणि सरकारी साठा या तिन्ही उपायांना गती मिळाली. १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय अन्न महामंडळावर साठ्याची जबाबदारी आहे.

साठा असला तरी धोका सरत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये, दाणा भरण्याच्या वेळीच, उत्तर भारतात कडक उष्मा पडला. त्याच सुमारास युक्रेनमधील युद्धामुळे जगात गव्हाचे भाव चढले होते. बाजारभाव क्विंटलला २,०१५ रुपयांच्या आधारभूत किमतीहून वर गेल्याने सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लक्ष टनांवरून सुमारे १८८ लक्ष टनांवर आली, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

यावरून आपली कर्तव्ये स्पष्ट होतात. पीक कापणी प्रयोग कार्यकर्त्यांनी ठरलेल्या प्लॉटमध्येच व प्रत्यक्ष वजन करूनच घ्यावेत. आकडा फुगविला तर आयातीचा निर्णय लांबतो. घटविला तर निर्यात विनाकारण अडते व शेतकऱ्याचा भाव पडतो. पीक विम्याची भरपाईही याच आकड्यांवर ठरते.

शेतकऱ्यांनी कोरडवाहू जमिनीत उताराला आडवी पेरणी करून ओल धरून ठेवावी व तुरीसारखे आंतरपीक घ्यावे, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, म्हणजे दाणा उन्हाळ्याच्या झळीपूर्वी भरतो. धान्य चांगले वाळवूनच कोठारात भरावे. दुबार पेरणीची वेळ आल्यास उपयोगी पडावे म्हणून थोडे निवडक बियाणे निराळे राखावे.

पावसावर आपली सत्ता नाही. परंतु शेतात मुरविलेले पाणी, घरात राखलेले बियाणे आणि वहीत खरा लिहिलेला आकडा ही तिन्ही आपल्या हातची आहेत, आणि देशाच्या कोठाराची भिंत त्यांवरच उभी आहे.